कॅप्टन सटरची उधारी

गेल्या रविवारी सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, ॲडमिशन झालं!"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. १९९९ साली व्हिसाचा शिक्का पडल्यावर मी बाबांना एसटीडी बूथवरून फोन केला होता, तेव्हा माझा आवाज अगदी असाच होता.

अभिनंदन वगैरे झालं, युनिव्हर्सिटी कुठली, थंडी किती, सगळं बोलून झालं आणि मग तो हळूच म्हणाला, "बाबांनी लोनचं बघितलंय. घर तारण ठेवावं लागेल. आई जरा का-कू करतेय. तू बोल ना तिच्याशी."

पाच मिनिटांनी ताईचा फोन. "तूच समजाव त्याला. तुझं ऐकेल तो."

दोघांनाही मी "बघतो" म्हणालो. मामा लोकांचं हे हक्काचं उत्तर! पण फोन ठेवल्यावर प्रश्न पडला, की समजावू काय? सव्वीस वर्षं मी स्वतः इथे आहे. मी कुणाला "अमेरिकेला येऊ नकोस" म्हणणं म्हणजे भरल्या पोटी उपासाची महती सांगणं. आणि "बिनधास्त ये" म्हणायलाही जीभ रेटत नाही. म्हणून सल्ला न देता आज एका माणसाची गोष्ट सांगतो. माणूस दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, पण वाचता वाचता ओळखीचा वाटला तर माझा दोष नाही.

आपल्याकडे चौथीला जसा शिवाजी महाराजांचा इतिहास असायचा, तसा इथे कॅलिफोर्नियात चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास असतो. २०१६ साली लेक चौथीत होती. तिच्या वर्गाची सहल सॅक्रामेंटोच्या 'सटर्स फोर्ट'ला जाणार होती आणि पोरं सांभाळायला पालक हवे होते. मी गेलो. किल्ला म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर पन्हाळा. हा तर सपाट जमिनीवर, शहराच्या मधोमध, पांढऱ्या भिंतींचा एक मोठा वाडाच. आत लोहारकाम, सुतारकाम, मेणबत्त्या करायची जागा, तोफा. पोरं खूश. मी एका पाटीपाशी थांबलो. हा सटर स्वित्झर्लंडहून निघाला तेव्हा बायको आणि पाच मुलं मागे राहिली होती, एवढंच मला तिथे कळलं. पण ते डोक्यातून जाईना. नंतर लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं आणून वाचली.

तर मंडळी, योहान ऑगस्ट सटर. जन्म १८०३, जर्मनीतल्या बाडेनमधला, पण घराणं स्विस. वडील कागद कारखान्यात फोरमन. १८२६ साली बुर्गडॉर्फ गावात त्याचं लग्न झालं आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहिला मुलगा झाला. (यावरून गावात काय चर्चा झाली असेल ते आपण समजू शकतो!) त्याने कापडाचं दुकान काढलं. राहणी मालकाची, गल्ला मात्र नोकराचा. अंथरूण पाहून पाय पसरणं या माणसाला जन्मात जमलं नाही. कर्ज डोक्यावर चढलं, अटकेची वेळ आली आणि १८३४ मध्ये स्वारी रातोरात देशातून पसार. बायको ॲना आणि मुलं माहेरच्यांच्या आधारावर उरली.

न्यूयॉर्क, मग मिसूरी. तिथे सांता फेच्या व्यापारात हात घातला, तिथेही देणी झाली. पुन्हा पुढे. १८३८ मध्ये फरच्या व्यापाऱ्यांबरोबर ऑरेगन गाठलं, तिथून जहाजाने हवाई, हवाईहून अलास्कातलं सिटका, आणि १८३९ च्या जुलैत येर्बा बुएना, म्हणजे आजचं सॅन फ्रान्सिस्को. या पाच वर्षांत त्याने एक गोष्ट मात्र कमावली, ती म्हणजे थाप! तो स्वतःला फ्रान्सच्या राजाच्या स्विस गार्डमधला कॅप्टन म्हणवू लागला. जिथे जाई तिथून शिफारसपत्र घेई, आणि एका पत्राच्या जोरावर दुसरं मिळवी. आजच्या भाषेत, रेझ्युमे जरा फुगवला होता.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा प्रांत होता. गव्हर्नर अल्वारादोला आतल्या भागात, जिथे मेक्सिकन सत्ता नावापुरतीच होती, कुणीतरी आपला माणूस बसवायचा होता. सटर मेक्सिकोचा नागरिक झाला आणि १८४१ मध्ये त्याला सुमारे ४८ हजार एकर जमीन मिळाली. नाव ठेवलं न्यू हेल्वेशिया, नवं स्वित्झर्लंड. ज्या देशातून कर्ज बुडवून पळाला त्याच देशाचं नाव! हजारो गुरं, गव्हाची शेतं, कातडी कमावायचा कारखाना, दारूची भट्टी आणि बुरुजांवर तोफा. डोंगर ओलांडून थकून येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या वाटसरूला सटरच्या किल्ल्यात जेवण आणि आसरा मिळे, हेही खरं. माणूस दिलदार होता. पण दिलदारी कुणाच्या जिवावर, हे पाहायला हवं.

जमीन मेक्सिकोने दिली म्हणायची, पण तिथे निसेनान आणि मिवोक लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. सटरची शेतं त्यांच्याच शेकडो हातांनी चालत. काहींना पत्र्याचे शिक्के मजुरी म्हणून मिळत, जे फक्त सटरच्याच दुकानात चालत. काहींवर बंदुकीचा धाक. त्या काळी तिथे गेलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय, की या मजुरांना लाकडी डोणीत लापशी ओतून द्यायचे आणि ते हातांनी खायचे, गुरांसारखे. रात्री खोल्यांत कोंडून ठेवायचे. सावकार तगादा लावायला आले की सटर त्यांना हे मजूर कामाला देऊन वेळ मारून नेई. चौथीच्या सहलीत हे फारसं सांगत नाहीत.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात डॉनर पार्टी नावाचा स्थलांतरितांचा तांडा सिएराच्या बर्फात अडकला. सटरने धान्य, खेचरं आणि सोबत लुईस आणि साल्वादोर हे दोन मिवोक तरुण मदतीला पाठवले. उपासमारीत तांड्यातल्याच लोकांनी त्या दोघांना गोळ्या घातल्या आणि खाल्लं. मदतीचं पुण्य सटरच्या खात्यावर जमा झालं, किंमत मोजली लुईस आणि साल्वादोरने. सटरच्या आयुष्याचा सगळा हिशेब असाच आहे.

पैशाचंही तेच. १८४१ मध्ये रशियनांनी किनाऱ्यावरचा त्यांचा फोर्ट रॉस विकायला काढला. सटरने तो ३० हजार डॉलरना घेतला, अर्थात उधारीवर! हप्ते बरेचसे गव्हाच्या रूपात द्यायचे होते. गहू अजून पेरायचाच होता. पुढे पीक बुडालं, हप्ते थकले. ऋण काढून सण म्हणतात ना, तसा तो वर्षानुवर्षं साजरा करत होता. उद्याचं पीक, उद्याची गिरणी, उद्याचं शहर. सगळं उद्याच्या नावावर. आणि त्या उद्याच्या यादीत शेवटून पहिलं नाव बायको-मुलांचं.

मग ती प्रसिद्ध गोष्ट. १८४७ मध्ये सटरने जेम्स मार्शल नावाच्या सुताराला, कोलोमा इथे नदीकाठी लाकूड कापायची गिरणी बांधायला सांगितलं. २४ जानेवारी १८४८ ला गिरणीच्या चरात मार्शलला पिवळे चमकणारे खडे दिसले. तो पावसातून घोडा दामटत किल्ल्यावर आला. दोघांनी दार लावून, ज्ञानकोश उघडून, ॲसिड टाकून खात्री केली. सोनं!

इथे आपल्याला वाटतं, झालं, पठ्ठ्या जिंकला. सटरला मात्र घाम फुटला. कोलोमाची जमीन त्याच्या ४८ हजार एकरांत नव्हतीच. त्याने घाईघाईने तिथल्या आदिवासींकडून भाडेपट्टा लिहून घेतला आणि मंजुरीसाठी माणूस अमेरिकन लष्करी गव्हर्नरकडे मॉन्टेरेला पाठवला. गव्हर्नरने पट्टा फेटाळला. आदिवासींना जमीन भाड्याने द्यायचा अधिकारच नाही म्हणाला. आणि निरोप्याने वाटेत सोन्याची बातमी फोडली ती वेगळीच. गंमत म्हणजे सोनं सापडल्यावर नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारी १८४८ ला, मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या हवाली करणाऱ्या तहावर सही केली. आपण काय देऊन टाकतोय हे सही करणाऱ्यांना माहीत नव्हतं.

मे महिन्यात सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने आधी फावडी, घमेली, तसराळी भरून ठेवली आणि मग सोन्याच्या भुकटीची बाटली नाचवत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर "सोनं, सोनं" ओरडत फिरला. १८५५ पर्यंत जगभरातून तीनेक लाख माणसं आली. सटरचे मजूर, सुतार, लोहार एका आठवड्यात खाणीकडे पळाले. गहू शेतात उभा वाळला. कातडी हौदात कुजली. आलेल्यांनी गुरं मारून खाल्ली, कुंपणं जाळली, जमिनीवर तंबू ठोकले. सटर स्वतःही माणसं घेऊन सोनं शोधायला गेला. रिकाम्या हातांनी परतला.

"सोन्याने सटरला बुडवलं" असं पुस्तकांत सर्रास वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. तो १८४८ च्या आधीच बुडालेला होता, फक्त पाणी संथ होतं म्हणून दिसत नव्हतं. सोन्यामुळे एवढंच झालं, की त्याने आयुष्यभर लिहून दिलेल्या सगळ्या हुंड्या एकाच दिवशी समोर आल्या.

आणि त्या पटवल्या कुणी? मुलाने. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेला तो थोरला मुलगा १८४८ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पोचला. बाप गेला तेव्हा सात वर्षांचा होता, आता एकवीस. सावकारांपासून वाचवायला बापाने सगळी मालमत्ता मुलाच्या नावावर केली. मुलाने नदीकाठी नवं शहर आखलं, भूखंड पाडले, विकले आणि बापाची बरीचशी देणी फेडली. ते शहर म्हणजे सॅक्रामेंटो, आज कॅलिफोर्नियाची राजधानी. बापाला मात्र शहर दुसऱ्या जागी, 'सटरव्हिल' नावाने हवं होतं. तो भडकला, मुलाकडून अधिकार काढून घेतले. मुलगा आजारी पडून १८५० मध्ये मेक्सिकोत अकापुल्कोला निघून गेला.

त्याच वर्षीच्या सुरुवातीला ॲना उरलेल्या मुलांना घेऊन आली. सोळा वर्षांनी! धाकट्या एका मुलाने वाट पाहता पाहता मागेच डोळे मिटले होते. ॲना आली तेव्हा साम्राज्य संपत आलेलं होतं. पुढे सुप्रीम कोर्टाने एक दानपत्र मान्य केलं, दुसरं फेटाळलं. १८६५ मध्ये एका भटक्याने फेदर नदीकाठचं राहतं घर पेटवून दिलं. कॅलिफोर्निया सरकारने काही वर्षं दरमहा २५० डॉलर दिले. म्हातारा-म्हातारी पेनसिल्व्हेनियात लिटिट्झला जाऊन राहिली आणि सटर वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेटे घालत राहिला, की माझी भरपाई द्या. १८८० च्या जूनमध्ये काँग्रेसचं अधिवेशन त्याचं बिल तसंच ठेवून उठलं. दोन दिवसांनी, १८ जूनला, तो वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात गेला. उद्या बिल पास होईल, उद्या! ॲना पुढच्याच जानेवारीत गेली.

मार्शल १८८५ मध्ये कफल्लक मेला. फावडी विकून कॅलिफोर्नियाचा पहिला लक्षाधीश झालेला ब्रॅननही शेवटी निर्धनच गेला. आणि सगळ्यात मोठी किंमत कुणी मोजली? कॅलिफोर्नियात १८४० च्या दशकात दीड लाखाच्या आसपास असलेले मूळ रहिवासी १८७० पर्यंत तीस हजारांवर आले. रोग, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली. सॅक्रामेंटोतल्या हॉस्पिटलसमोर सटरचा पुतळा होता, तो २०२० च्या जूनमध्ये काढून टाकला.

'अमेरिकन ड्रीम' हा शब्द सटरनंतर पन्नास वर्षांनी, १९३१ साली, जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने रूढ केला. तेही महामंदीच्या ऐन भरात. आणि त्याने तेव्हाच बजावलं होतं, की हे निव्वळ मोटारी आणि गलेलठ्ठ पगारांचं स्वप्न नव्हे. आपण नेमकं तेवढंच उचललं!

आता भाचेबुवा म्हणतील, "मामा, मी काय कर्ज बुडवून पळतोय का?" नाही रे बाबा. आणि मीही पळालो नव्हतो. तरी सांगतो.

मी १९९९ मध्ये आलो तेव्हा बाबांना म्हणालो होतो, "दोन वर्षं. वायटूकेचं काम संपलं की परत." २००१ मध्ये डॉट कॉमचा फुगा फुटला, एका शुक्रवारी कंपनीने नारळ दिला. नवी नोकरी मिळेपर्यंत झोप नाही. मग ठरलं, जरा सेटल होऊ, मग जाऊ. मग ग्रीन कार्ड. मग घर. मग लेकीची शाळा. इथल्या जुन्या देसी मंडळींना 'एक्स प्लस वन' ठाऊक असेल. एक्स म्हणजे चालू वर्ष. परत कधी जाणार? एक्स प्लस वन. आपण 'सेटल' होणं म्हणतो. सटरच्या काळात इथे येणाऱ्यांनाही सेटलरच म्हणत. पण सेटल कधी होतो माणूस? मला अजून तो दिवस दिसलेला नाही.

बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. २००५ मध्ये मी पाठवलेल्या पैशांतून त्यांनी सांगलीच्या घरावर वरचा मजला चढवला, "तू आलास की तुला." दोन खोल्या, संडास-बाथरूम वेगळं, गच्चीत तुळशीची कुंडी. त्या मजल्यावर मी आजवर सगळे मिळून चार महिनेही राहिलो नसेन. २०११ मध्ये बाबांना अर्धांगवायू झाला. ताई तेव्हा कोल्हापूरला शाळेत शिकवत होती, मुख्याध्यापिका व्हायची बाकी होती. ती नोकरी सोडून सांगलीला आली. मी बाई ठेवायला पैसे पाठवत होतो, वेळेवर, न चुकता, आणि मनाशी म्हणत होतो की मी माझं कर्तव्य करतोय. पण रात्री दोनला बाबांना कूस वळवून देणारं माणूस डॉलरने येत नाही. २०१३ मध्ये बाबा गेले, तेव्हा मी पोचलो तिसऱ्या दिवशी. नंतर घराचं हक्कसोडपत्र ताईच्या नावे सही करून दिलं आणि मोठा उदार वाटलो स्वतःला.

सटरची पुस्तकं वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की तो उदारपणा नव्हता. ती थकलेली उधारी होती, आणि तीही पूर्ण फिटलेली नाही. माझ्या स्वप्नाचा हप्ता चौदा वर्षं ताई भरत होती. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, हे वेगळं.

महत्त्वाकांक्षा वाईट असं मला म्हणायचं नाही. माझं इथे बरं चाललंय, लेक चांगली शिकतेय, मी खोटं कशाला बोलू? पण स्वप्न आपलं आणि वही दुसऱ्याच्या नावाची, असं झालं की ते कितीही साकार झालं तरी हिशेब जुळत नाही. सटरकडे ४८ हजार एकर होते आणि पायाखाली सोनं होतं, तरी जुळला नाही.

तर भाचेबुवा, तुझ्यासाठी उत्तर असं. ये. पण आजोबांच्या घराचा कागद बँकेत ठेवून नको. एक वर्ष थांब, कमी फीच्या आणि असिस्टंटशिप देणाऱ्या युनिव्हर्सिट्या बघू, यादी मी करून देतो. उरलेले पैसे मी घालतो, आणि हे उपकार नाहीत. तुझ्या आईचे माझ्याकडे आहेत त्यातले परत करतोय. आणि निघताना तिला "दोन वर्षांत येतो" असं मोघम सांगू नकोस. खरं काय ते सांग, म्हणजे तिला तिचं ठरवता येईल.

काल रात्री ताईला फोन केला. लोनबद्दल बोलणं झालं, मग तिच्या शाळेबद्दल विचारलं. २०११ नंतर पहिल्यांदाच विचारलं असेन. ती बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, "वरच्या मजल्याला ओल आलीय रे. पावसाळ्याच्या आत बघायला हवं."

"मी येतो," म्हणालो.

"कधी?" तिने विचारलं. तिलाही एक्स प्लस वन ठाऊक आहे.

मी तारीख सांगितली. बारा मे. तिकीट आज सकाळी काढलंय.